साथीचा हंगाम आणि खेळाचा हंगाम

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्यात आपल्या राज्यात घरोघर एकच वाद चालला होता. पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या परीक्षा साथीच्या दिवसांत घ्याव्यात की घेऊ नयेत? राज्य सरकार नको म्हणत होते, विद्यापीठ अनुदान आयोग घ्याच म्हणत होता. अखेर २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, परीक्षा पुढे ढकलता येईल, परंतु परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. नेमक्या त्याच महिन्यात अमेरिकेतही विद्यार्थ्यांवरूनच एक वाद पेटला होता. मात्र तेथे वादाचा विषय परीक्षा नव्हत्या, सामने होते. महाविद्यालयांचा फुटबॉलचा हंगाम भरवावा की रद्द करावा, या प्रश्नावर कुलगुरू, डॉक्टर, पालक, खेळाडू आणि खुद्द राष्ट्राध्यक्षही हिरीरीने बोलत होते.

कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडील पोरांच्या खेळाशी आपल्याला काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. पण साथ ही एकदा येऊन कायमची निघून जाणारी पाहुणी नव्हे. मुंबई इलाख्यातील प्लेगसाठी १८९७ साली केलेला कायदा २०२० च्या मार्च महिन्यात पुन्हा बासनातून बाहेर काढावा लागला, हे आपण सर्वांनी पाहिले. ती पुन्हा आली म्हणजे शाळा, परीक्षा, जत्रा, सामने यांचे काय करायचे हा प्रश्नही तिच्या पाठोपाठ येणारच. तो प्रश्न एका देशाने कसा सोडविला, कोठे चुकविला, हे शांतपणे पाहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रथम हा खेळ समजून घेतला पाहिजे. अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, आणि समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या अंगावर कोसळणारे अकरा-अकरा गडी, असा तो मामला आहे. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही. आणि महाविद्यालयीन म्हणून तो आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखा असेल, असेही समजू नये. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात १,०७,६०१ प्रेक्षकांची सोय आहे. त्या दिवसांत अलाबामा विद्यापीठाच्या संघाच्या शिक्षकाला वर्षाकाठी सुमारे ९० लक्ष डॉलर मिळत. दूरचित्रवाणीच्या करारांतून मोठ्या विद्यापीठांकडे कोट्यवधी डॉलर येतात, आणि फुटबॉलच्या या उत्पन्नावरच पोहणारे, कुस्तीगीर, धावपटू यांचे संघ पोसले जातात.

या साऱ्या डोलाऱ्याच्या तळाशी जो खेळाडू उभा होता, त्याला २०२० साली वेतन म्हणून एक पैही मिळत नव्हती. त्याला शिष्यवृत्ती मिळे. शिक्षण, निवास, भोजन यांचा खर्च भागे. कारण तो नोकर नव्हे, आधी विद्यार्थी आणि मग खेळाडू, असा सिद्धांत होता. हा सिद्धांत श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

आता घटनाक्रम पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने आपली प्रसिद्ध बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली. त्या स्पर्धेच्या जोरावर त्या वर्षी सदस्य संस्थांना ६० कोटी डॉलर वाटायचे ठरले होते. हाती पडले २२ कोटी ५० लक्ष. मार्चमध्ये हा फटका बसलेला, आणि पुढे सप्टेंबरात फुटबॉल सुरू व्हायचा. संस्थाचालकांची झोप उडाली असल्यास नवल नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इत्यादी आठ जुन्या विद्यापीठांच्या ‘आयव्ही लीग’ने ८ जुलैलाच त्या शरद ऋतूतले सर्व खेळ बंद ठेवण्याचे ठरविले. ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-१२’ या दोन बलाढ्य गटांनीही हंगाम पुढे ढकलला. दक्षिणेकडील आणि मध्यभागातील तीन मोठे गट मात्र मैदानात उतरले. मग खेळाडूंच्या मागण्या, पालकांची निदर्शने, नेब्रास्कातील काही खेळाडूंचा कोर्टातला दावा, असे सर्व होऊन १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरविला. आठ दिवसांनी पॅक-१२ नेही फिरविला. एका देशात, एका खेळाविषयी, एकाच रोगासमोर तीन प्रकारचे निर्णय झाले. रोगाचे शास्त्र तर सर्वांना एकच होते. मग निर्णय वेगळे का झाले?

खेळावे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. क्लेमसन विद्यापीठाचा विख्यात खेळाडू ट्रेव्हर लॉरेन्स याने ऑगस्टात असे मांडले की, हंगाम रद्द केला तर आम्ही काही रोगापासून सुटणार नाही. पुष्कळ खेळाडू गरिबांच्या वस्त्यांतून आलेले आहेत. ते घरी परततील; तेथे ना चाचणी, ना डॉक्टर. संघात राहतील तर निदान रोज कोणी तपासील. शिवाय विद्यार्थिजीवनातील खेळाची वर्षे चारच. त्यातले एक गेले म्हणजे एखाद्याचा आयुष्याचा मार्गच हुकायचा. ओहायो स्टेटच्या जस्टिन फील्ड्सने खेळू द्यावे म्हणून काढलेल्या विनंतिपत्रावर तीन लाखांच्या वर सह्या झाल्या. तरुणांची ही तळमळ खरी होती. तिला केवळ पोरकटपणा म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार होते. २ ऑगस्टला पॅक-१२ मधील खेळाडूंच्या एका गटाने जाहीर निवेदन काढले. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या आरोग्याची हमी द्या, माघार घेणाऱ्यावर गदा आणू नका, आणि आमच्या श्रमांतून येणाऱ्या पैशाचा वाटा आम्हांला द्या; नाहीतर आम्ही खेळणार नाही. त्यांत कृष्णवर्णीय तरुण पुष्कळ होते, आणि अमेरिकेत या रोगाचा घाव कृष्णवर्णीय समाजावर अधिक खोल बसत होता, ही गोष्ट त्यांनी बोलून दाखविली. तीन दिवसांनी एनसीएएच्या नियामक मंडळाने दोन नियम केले: जो खेळाडू साथीच्या भीतीने माघार घेईल त्याची शिष्यवृत्ती कायम राहील, आणि ‘मला काही झाल्यास विद्यापीठ जबाबदार नाही’ अशा अर्थाचे कागद कोणाही खेळाडूकडून लिहून घेता येणार नाहीत. असे नियम करावे लागले, यातच परिस्थिती काय होती ते आले.

डॉक्टरांना आणखी एक धास्ती होती. या रोगातून उठलेल्या काही तरुणांच्या हृदयाच्या स्नायूला दाह होतो असे दिसू लागले होते. आणि असा दाह असता जोराचे श्रम केले तर माणूस मैदानातच कोसळू शकतो. ओहायो स्टेटमधील २६ खेळाडूंच्या तपासणीत ४ जणांच्या हृदयात अशा दाहाची लक्षणे आढळली. सप्टेंबरात हे प्रसिद्ध झाले तेव्हा मोठीच खळबळ उडाली. सव्वीसांत चार म्हणजे शेकडा पंधरा!

पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या संख्येने तपासण्या झाल्या तसा आकडा उतरला. बिग टेनच्या १,५९७ खेळाडूंच्या तपासणीत दाह ३७ जणांत निघाला, म्हणजे शेकडा २.३, आणि त्यांतल्याही बहुतेकांना काही त्रास जाणवत नव्हता. अनेक विद्यापीठांच्या दुसऱ्या एका पाहणीत ३,०१८ बाधित खेळाडूंपैकी २१ जणांच्या हृदयाला धक्का पोचल्याचे दिसले. भीती निराधार नव्हती, पण वाटली त्याहून लहान होती.

यावरून ‘खेळायला हवेच होते, भित्र्यांनी उगीच ओरड केली’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आमच्या मते तो निष्कर्ष चुकीचा आहे. २.३ हा आकडा हाती आला १९२१ च्या नव्हे, २०२१ च्या मे महिन्यात. निर्णय करायचा होता २०२० च्या ऑगस्टात. अंधारात पायरी चुकली नाही म्हणून अंधारात उडी मारणे शहाणपणाचे ठरत नाही. निर्णयाची पारख नंतरच्या निकालावरून करायची नसते; त्या क्षणी काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते, आणि न कळणाऱ्या गोष्टीचा धोका कोणाच्या माथी मारला गेला, यावरून करायची असते.

या कसोटीला लावून पाहू. १७ ऑगस्टला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने एकच आठवडा वर्ग चालवून ते बंद केले, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनी घरूनच शिकावे असे फर्मावले. वसतिगृहांत रोग पसरत होता. फुटबॉलचा सराव मात्र चालू राहिला. आता, जो वर्गात बसण्यास धोका आहे म्हणून घरी धाडला तो विद्यार्थी, आणि जो मैदानावर अंगाला अंग भिडविण्यास ठेवून घेतला तोही विद्यार्थीच! आम्ही मघाशी ज्या सिद्धांताचे स्मरण ठेवावयास सांगितले, त्याला येथे तडा गेला. वर्ग बंद आणि मैदान चालू, असे ज्या संस्थेत होते, तेथे खेळणारा नावाचाच विद्यार्थी उरतो. त्याला नोकरी आहे, फक्त पगार नाही.

आयव्ही लीगच्या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्त्या दिल्या जात नाहीत, आणि दूरचित्रवाणीचा पैसाही तेथे इतरांच्या मानाने थोडा. तेथे निर्णय सर्वांआधी झाला. त्यांचेच बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. पण तराजूत सोने नसेल तेव्हा काटा कोणीकडे झुकतो, हे त्यावरून दिसते. आपल्याकडेही हा अनुभव आलाच. २०२० च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात आयपीएलचे सामने अरबांच्या देशात नेऊन पार पाडले गेले. आणि १९३४-३५ पासून महायुद्धातही न खंडलेली रणजी करंडक स्पर्धा २०२०-२१ मध्ये प्रथमच झाली नाही.

याउलट बिग टेनच्या माघारीची बहुतेकांनी टर उडविली. आम्हांला मात्र त्यात काही घेण्यासारखे दिसते. ऑगस्टात अमेरिकेत सामान्य नागरिकाला चाचणीचा निकाल कळण्यास कित्येकदा आठवडा लागे. सप्टेंबरात काही मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचण्या उपलब्ध झाल्या. तेव्हा त्या गटाने नियम केला की, प्रत्येक खेळाडूची रोज चाचणी. बाधित झाल्यास हृदयाची सखोल तपासणी आणि निदान २१ दिवस सामना बंद. संघात रोगाचे प्रमाण ठराविक मर्यादेपुढे गेल्यास सर्वांचाच खेळ सात दिवस थांबवायचा. साधन नव्हते तोवर थांबले, साधन आले तेव्हा निघाले, हा क्रम योग्यच होता. चूक झाली ती रीतीत. कुलगुरूंचे मतदान ११ विरुद्ध ३ असे झाले, हे लोकांना कळले ते दाव्याच्या कागदपत्रांतून. आणि ज्यांच्या देहावर प्रयोग व्हायचा त्या खेळाडूंना त्या बैठकीत आवाज नव्हता.

हंगाम कसाबसा पार पडला. शंभराहून अधिक सामने रद्द झाले वा पुढे गेले. खेळावे म्हणणारा लॉरेन्स स्वतःच ऑक्टोबरअखेर बाधित होऊन दोन सामन्यांना मुकला. ७ नोव्हेंबरला नोत्र दाम विद्यापीठाने क्लेमसनला हरविताच हजारो विद्यार्थी कुंपण ओलांडून मैदानात घुसले. संघांना रोज तपासता येते, पण विजयाने बेभान झालेल्या गावाला कोण तपासणार? साथीच्या दिवसांत सामना पांढऱ्या रेघांच्या आत संपत नाही. तो खाणावळींत, आगगाड्यांत, घरोघरच्या बैठकींत जाऊन पोचतो.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतही त्या देशात फुटबॉल चालू होता. जॉर्जिया टेकच्या सामन्याला तोंडाला फडकी बांधून बसलेल्या प्रेक्षकांचे त्या वर्षीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. परंतु तेव्हा पुष्कळ ठिकाणी शब्द चाले तो आरोग्याधिकाऱ्याचा. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरभर जमाव बंद होते, म्हणून पिट्सबर्गच्या संघाला सारे सामने नोव्हेंबरात उरकावे लागले. विजेता ठरायचा तो ठरलाच. खेळाचे काही बिघडले नाही.

मग हंगाम भरवावा की नाही? आमचे उत्तर असे आहे की, ‘होय’ वा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. धोका पत्करणाऱ्याला निर्भयपणे ‘मी खेळत नाही’ म्हणता येते काय? वर्गाला आणि मैदानाला एकच माप लावले आहे काय? खेळाडूंसाठी वापरलेली चाचणी आणि खाट गावातल्या रोग्याच्या वाट्यातून काढलेली नाही ना? आणि उद्या आकडे चढले तर थांबण्याचे बळ चालकांच्या अंगी आहे काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल खेळावे. तरुणांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवणे हाही एक रोगच आहे. एक जरी उत्तर लटपटले, तरी थांबावे.

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, खेळाडूंना शिक्षणाशी निगडित लाभ देण्यावर एनसीएएने घातलेली बंधने बेकायदा आहेत. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसा मिळविण्याची मोकळीक झाली, आणि २०२५ पासून विद्यापीठांनी त्यांना उत्पन्नाचा वाटा थेट देण्यास प्रारंभ केला. हे झगडे साथीच्या आधीपासूनचे होते. साथीने इतकेच केले की, झाकलेली गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढे आणली. गावात पूर आला म्हणजे कोणाचे घर सखल जागी आहे ते आपोआप कळते. पाणी ओसरल्यावर ते विसरून जायचे नसते.