पूर ओसरल्यावरची घाई
२०२१च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. तसं पाणी घरच्या सुतारकामाच्या खोलीत आलं, तर खरी घाई ते ओसरल्यावर करायची. गंजाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. गाळात रुतलेल्या पटाशीला प्राणवायू कमी मिळतो. ती ओलीच हवेत आली की गंज झपाट्याने चढतो. म्हणून हत्यारं धुवा, लगेच पुसून कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. रंध्याचं पातं सोडवून खालचा गाळ काढाच, ओल तिथेच दडते. गंज चढलाच असेल तर पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. त्यातलं आम्ल गंज विरघळवतं. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा. लाकडी मुठी सावलीत वाळवा, कडक उन्हात तडकतात. भिजलेल्या ड्रिलचं बटण मात्र कृपा करून दाबू नका. मोटार आधी वाइंडिंगवाल्याला दाखवा.