उन्हाळ्यात कुत्र्याला घरात खेळवताना

घरातल्या कुत्र्याला घरातच खेळवण्याची गरज वऱ्हाडात सर्वांत जास्त भासते ती उन्हाळ्यात. अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. 2024 च्या मेअखेरीस तर अकोल्यात उन्हामुळे जमावबंदी लावावी लागली होती. नवतपात डांबरी रस्ता संध्याकाळीही तापलेला असतो. त्यावर पाचसात सेकंद हाताची पालथी बाजू टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे तळवेही तिथे भाजणार. मग फिरायला जायला उरते ती पहाट, आणि बाकीचा सगळा दिवस घरात.

घरातही चेंडूमागे पळवत राहणे बरे नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. शरीर थंड करण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे. जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीतली हवा दमट होते आणि धापांचा उपयोग कमी होतो. म्हणून कूलर सुरू असताना खिडकी थोडी उघडी हवी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर दुपारी दमवूच नये.

त्यापेक्षा नाकाला काम द्यावे. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50-60 लाख असतात, कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत ज्वारीच्या भाकरीचे तुकडे दडवले, तरी ते हुंगून काढण्यात कुत्रे बराच वेळ रमते. इडलीपात्र याहून सोयीचे: खळग्यांत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बारीक तुकडे ठेवायचे, काही खळगे रिकामे सोडायचे आणि सगळ्यांवर टेनिसचे चेंडू मांडायचे. कोणता चेंडू ढकलायचा हे कुत्रे वासावरून ठरवते. पहिल्या वेळी खाऊ त्याच्यादेखत ठेवावा, नाहीतर ते कंटाळून पात्रच उलटे करते. हा खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करायचा असतो. घरोघरी विसरली जाते ती नेमकी हीच गोष्ट. मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, त्यामुळे चिवड्याची मूठही नको.

लेकरांना सुट्ट्या असतातच, तेव्हा लपाछपीला गडी मिळतात. एकाने कुत्र्याला धरून ठेवायचे, दुसऱ्याने दाराआड लपून एकदाच हाक मारायची. खेळण्यांची नावेही शिकवता येतात. अमेरिकेतल्या ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीला हजारावर खेळणी नावानिशी ओळखता येत होती. घरच्या कुत्र्याने तीन ओळखली तरी पुष्कळ झाले.

जुन्या कापडाला गाठी मारून केलेल्या दोरीने रस्सीखेचही खेळता येते. कुत्र्याला जिंकू दिले की ते डोक्यावर बसते, ही समजूत 2002 सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात टिकली नाही. मात्र ‘सोड’ म्हटल्यावर सोडायला आधी शिकवावे, आणि गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी अंथरावी, कारण पाय घसरून सांधे दुखावतात. मोजे आणि सुतळी खेळायला देऊ नयेत. गिळल्यास आतड्यात अडकतात. लेझरचा ठिपकाही टाळलेला बरा. तो कधीच हाती लागत नाही आणि काही कुत्री नंतर सावल्यांमागे धावत सुटतात.

भर दुपारी वाटीत गोठवलेले बिनमिठाचे पातळ ताक चाटायला पुरते. सलग खेळ दहा-पंधरा मिनिटांचा असावा. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली किंवा कुत्रे झोकांड्या देऊ लागले, तर तो उष्माघात समजावा; अंगावर साधे पाणी ओतून, पंख्याखाली ठेवून लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.