सहा बाजूंचे दफ्तर

पटावरील खेळांसाठी षट्कोनी घरांचा नकाशा करू पाहणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा. परंतु त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो सुटल्यावाचून पहिल्याचे उत्तर देणे म्हणजे मोजणी न करताच जमिनीचा उतारा लिहून देण्यासारखे होय. आपल्याला चित्र हवे आहे की दफ्तर, हा तो दुसरा प्रश्न.

षट्कोन या छंदात आला तो शोभेसाठी नव्हे, हिशेबासाठी. अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ हा युद्धखेळ विक्रीस काढला, तेव्हा त्याची घरे बुद्धिबळासारखी चौकोनी होती. तिरपी चाल सरळ चालीच्या सुमारे १.४१ पट लांब पडते. तिला एकच चाल मोजावी तर लबाडी होते आणि दोन मोजाव्यात तर अन्याय होतो, असा तो पेच होता. षट्कोनाला सहाच शेजारी, सहाही मध्यापासून समान अंतरावर, आणि नुसत्या कोपऱ्याने स्पर्श करणारा उपरा शेजारी एकही नाही. १९६१ साली रॉबर्ट्स यांच्या अ‍ॅव्हलॉन हिल या संस्थेने ‘गेटिसबर्ग’ या युद्धखेळाची नवी आवृत्ती षट्कोनी जाळीवर काढली; ही कल्पना त्यांना रँड संस्थेतील युद्धाभ्यासावरून सुचली असे सांगतात. पुढे १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने रानावनातील भ्रमंतीसाठी स्वतःचा पट न छापता, त्याच अ‍ॅव्हलॉन हिलच्या १९७२ च्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा षट्कोनी पट वापरण्याची शिफारस केली, आणि १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ने तर आकाशाचीच जमाबंदी केली: प्रत्येक घर एक पार्सेकचे, आठ रांगांत दहा-दहा घरांचा एक परगणा, आणि प्रत्येक घराला चार अंकी क्रमांक. हे चार अंक मला त्या सर्व खेळांतील चित्रांहून अधिक मोलाचे वाटतात. कारण घराला क्रमांक मिळाला की त्याच्या नावे नोंद करता येते.

आता आज्ञावलींकडे वळू. ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’ ही ब्रिटिश आज्ञावली अभियंत्यांच्या आरेखनपद्धतीवर उभारलेली आहे. तिच्यात वाटेल ते काढता येते, परंतु तिच्याशी ओळख होण्यातच एक पावसाळा जातो. ‘हेक्स किट’मध्ये तयार चित्रांच्या फरशा घराघरांत बसवायच्या असतात, आणि अरण्याची फरशी निवडली की तिच्या अनेक रूपांपैकी एखादे रूप यंत्र आपणच उचलते, त्यामुळे रान कंटाळवाणे दिसत नाही. ‘हेक्सोग्राफर’ आणि तिची वारस ‘वर्ल्डोग्राफर’ या दोहोंना सौंदर्याचा विशेष सोस नाही. जुन्या खेळपुस्तकांतील पर्वत-अरण्यांच्या बाळबोध खुणा त्या इमानाने उमटवतात. या सर्वांहून निराळी आहे ‘टेक्स्ट मॅपर’. तिच्यात चित्र काढायचेच नसते; घराचा क्रमांक व त्यापुढे भूप्रकार, अशा ओळी लिहायच्या, आणि नकाशा ती स्वतः काढून देते. तिचा मूळ दस्तऐवज म्हणजे साधा मजकूर, जो उद्या ती आज्ञावली अस्तंगत झाली तरी वाचता येईल. एका चित्रकारी आज्ञावलीत मी तीन महिने खपून केलेला मुलूख तिच्या पुढच्या आवृत्तीने उघडण्यास साफ नकार दिला, तेव्हापासून माझा कल कोणीकडे आहे हे वाचकाने ओळखले असेलच.

म्हणून परीक्षा अशी घ्यावी: निवडीच्या दिवशीच एका घरातील अरण्य जाळून तेथे माळ करावा, नदी एक घर पूर्वेस सरकवावी, आणि यासाठी किती घटका लागल्या ते पाहावे. खेळातला मुलूख बदलतो, वस्त्या उठतात, पूल मोडतात. जी आज्ञावली हे फेरफार कुरकुर न करता नोंदवते ती दफ्तराच्या कामाची, बाकीच्या भिंतीवर टांगण्याच्या.

प्रमाणाचा निर्णय मात्र आज्ञावली घेऊन देत नाही. पुष्कळांना बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत सहा मैलांचे घर आवडते, आणि त्याला कारणही आहे: मध्यापासून बाजू तीन मैलांवर व कोपरा सुमारे साडेतीन मैलांवर येतो, आणि सपाट मैदानात उभ्या माणसाची नजरही सुमारे तीन मैलांवरच क्षितिजाला टेकते, म्हणजे घराच्या मध्यभागी उभा राहिलेला प्रवासी साधारण आपल्याच घरापुरते जग पाहतो. अशा घराचे क्षेत्रफळ सुमारे एकतीस चौरस मैल भरते. त्यात चार-पाच खेडी सहज मावावीत. अडचण पुढे येते. चौकोनाचे लहान चौकोन बिनबोभाट पडतात. मोठ्या षट्कोनात लहान षट्कोन आखू गेल्यास कडेची घरे कापली जातात, आणि सरहद्दीवरचे गाव कोणत्या परगण्याचे हा जुनाच तंटा उभा राहतो. ‘वर्ल्डोग्राफर’ मोठ्या नकाशातून लहान नकाशा काढून देते हे खरे, पण त्या कडांची खातरजमा कारकुनासारखी डोळ्यांत तेल घालून आपणच करावी लागते.

छपाईविषयी थोडेच सांगतो. युद्धखेळाच्या सोंगट्या बहुधा अर्ध्या इंचाच्या असतात. घर त्याहून किंचित मोठे हवे, आणि छापताना कागदाच्या मापात बसवण्याची सूचना यंत्राला चुकूनही देऊ नये, नाहीतर घरे आकसतात आणि सोंगट्या शेजाऱ्याच्या हद्दीत पाय पसरतात. मराठीत नावे लिहिणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी ‘कऱ्हाड’ व ‘श्रीवर्धन’ ही दोन नावे नकाशावर उमटवून पाहावीत. अर्धा ‘ऱ’ जागेवर राहिला तर पुढचे बोलणे करावे.

माझा सध्याचा मुलूख साध्या मजकुराच्या दीडशे ओळींचा आहे. ०५०७ मधील अरण्य गेल्या रविवारी खेळाडूंनी जाळले, तशी नोंद झाली. ०३०८ पुढे अद्याप काहीच लिहिलेले नाही, कारण तिकडे अजून कोणी गेलेले नाही.