जुना रंग उतरला, पण विष कुणाच्या वाट्याला?

दसरा-दिवाळीच्या आधी घराघरांत रंगकाम निघते. जुन्या दारा-खिडक्यांवर, ग्रीलवर ऑइल पेंटचे थरावर थर साचलेले असतात. ते काढण्यासाठी नाक्यावरून रंगारी आणला जातो आणि त्याच्या हाती पेंट रिमूव्हरचा डबा दिला जातो. रिमूव्हर फासला की रंगाला फोड येतात. मग पत्र्याने खरवडला की लाकूड मोकळे! घरमालक खूश होतो. पण खरवडलेला लगदा गेला कुठे? मोरीत. आणि डब्यातली वाफ? आधी रंगाऱ्याच्या छातीत, मग हवेत.

अनेक रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. मिथिलीन क्लोराइड हे त्याचेच दुसरे नाव. ते सुमारे 40 अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणून डबा उघडताच वाफ सुटते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद न्हाणीघरात खाली साचते. शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या रसायनाने अमेरिकेत 1980 पासून 80हून अधिक माणसे दगावली. त्यांत मोठा भरणा घरदुरुस्तीच्या कामगारांचा.

कामगारानंतर पाळी येते पाणी, माती आणि आकाशाची. डायक्लोरोमिथेन पाण्याहून जड आहे. जमिनीवर ओतले की ते झिरपत भूजलापर्यंत जाते. हवेत गेलेल्या वाफेचा काही भाग वर पोहोचून ओझोनच्या थराला इजा करतो. तरी 1987 च्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत ते नाही. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगातील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा लगदा किंवा भुकटी अंगणात पडली, तर शिसे मातीत राहते. ते कुजत नाही, विरत नाही. त्या मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या मेंदूवर ते घाव घालते.

युरोपीय संघाने असे रिमूव्हर 2010 पासून टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना ते विकण्यास बंदी केली आणि 2024 मध्ये या रसायनाच्या बहुतेक औद्योगिक वापरांवरही बंदीचा नियम केला.

आणि आपल्याकडे? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्ती व देखभालीलाही बांधकाम मानले, पण स्वतःच्या राहत्या घराचे 10 लाखांपर्यंतचे काम वगळले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा 50 लाखांवर नेली. दहापेक्षा कमी कामगारांचे कामही वगळलेलेच आहे. घराचा रंग काढायला दहा माणसे कोण लावतो? म्हणजे ज्या कामात विष नाकाशी येते, नेमके तेच काम कायद्याच्या उंबरठ्याबाहेर! आम्ही याला कायद्यातली फट म्हणत नाही, उघडे दार म्हणतो.

मोरीतून गेलेले रसायन पुढे गटारात जाते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. ती कोणत्या वस्तीतली असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

स्वच्छ हवा आणि पाणी हा संविधानाच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाष कुमार खटल्यात म्हटले. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व 1996 च्या वेल्लोर निकालात मान्य झाले. मग भरपाई रंगाऱ्याच्या फुप्फुसांनी का करायची?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. डायक्लोरोमिथेनच्या रिमूव्हरची किरकोळ विक्री बंद करा. डब्यावर धोक्याची सूचना ठळक मराठीत छापा. घरकामाच्या रंगाऱ्याला सुरक्षा कायद्याच्या कक्षेत आणा. 2016 च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचरा ठरवले होते. महापालिकांनी ते वेगळे गोळा करून दाखवावेत.

सरकारची वाट न पाहताही काही करता येते. रंग पक्का धरून असेल तर काढूच नका, त्यावरच नवा हात द्या. काढावाच लागला तर तो भाग ओला करून, दारे-खिडक्या उघड्या ठेवून खरवडा. कोरडा पॉलिश पेपर मारू नका. लगदा कागदावर गोळा करा, मोरीत लोटू नका. आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतल्या रंगारी बांधवांना एकत्र बसवून डब्यावरची नावे वाचून दाखवा. संघटनेचे काम अशा डब्यापासूनही सुरू होते.