घरांतील विजेचा बिघाड : स्वतः केव्हां पाहावा व वायरमन केव्हां बोलवावा

धानोरा तालुक्यांत पावसाळा लागला कीं घराघरांतून त्याच तक्रारी ऐकूं येतात : फ्यूज उडाला, दिवे मिणमिणतात, भिंतीस हात लावला कीं झिणझिण्या येतात. गांवें रानांत विखुरलेलीं, जाणता वायरमन तालुक्याच्या गांवीं किंवा गडचिरोलीस. तेव्हां रोवणीच्या धांदलींत घरचाच एखादा चुणचुणीत मुलगा पेचकस घेऊन पुढें होतो. त्याच्या हुशारीविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु कोणत्या बिघाडास हात लावावा व कोणत्यास लावूं नये, याच्या खुणा त्यास कोणी सांगितलेल्या नसतात. त्या येथें देण्याचें योजिलें आहे.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें शिवेचा प्रश्न आम्हांस आधीं सुचतो. खांबापासून मीटरपर्यंतचा भाग महावितरणचा, मीटरपुढील घरधन्याचा. दिवे जातांच प्रथम शेजाऱ्याच्या घरीं पाहावें. साऱ्या ओळींत अंधार असेल तर घरांत कांहींएक न उघडतां १९१२ या क्रमांकावर कळवावें. कांहीं घरांचे दिवे एकाएकीं डोळे दिपवूं लागले व कांहींचे मंदावले, तर तो प्रकार अधिक घातक समजावा. ही बहुधा न्यूट्रल तार तुटल्याची खूण होय. अशा वेळीं २३० व्होल्टच्या जागीं घरांत ४०० च्या आसपास दाब चढूं शकतो. मेन स्विच तत्काळ बंद करावा व मगच तक्रार नोंदवावी.

मीटरच्या पुढेंही कायद्यानें एक रेषा आंखली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाचा आशय असा कीं, दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तु जशीच्या तशी बदलण्यास घरधनी मोकळा आहे. याहून अधिक काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावें. २०१० च्या विनियमांतही हाच दंडक ठेविला गेला. यांत ‘जशीच्या तशी’ ही अट मोलाची आहे. पांच अँपिअरच्या फ्यूजमध्यें जाड तांब्याचे पदर गुंडाळणें ही बदली नव्हे. फ्यूजची बारीक तार वितळते ती भिंतींतील तार वांचावी म्हणून. तेथें जाड तार घातली कीं भिंतींतील तारच फ्यूज होऊन बसते. आणि आमच्याकडे ती तार पुष्कळदां लांकडी फाट्यांवरून, कवेलूंच्या खालून गेलेली असते.

म्हणून फ्यूज किंवा एमसीबी एकदां पडल्यास एकदांच पूर्ववत् करावी. पुन्हां पडल्यास कारण शोधावें. त्यासाठीं सर्व उपकरणांच्या पिना काढून, दिव्यापंख्यांचीं बटणें बंद करून खटका वर करावा. तो टिकला तर एकेक वस्तु जोडीत जावें. जिच्यामुळें पडेल ती दुरुस्तीस द्यावी. कांहीं न जोडतांही पडत असेल तर दोष भिंतींत आहे, व येथें घरच्या माणसाचें काम संपलें. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारी आरसीसीबी ज्यांच्या घरीं आहे, त्यांसही हीच रीत लागू पडते. पावसांत ती वारंवार पडते म्हणून कित्येक जण तिला वगळून तार जोडून घेतात. भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा हांकलून द्यावा, तशांतलाच हा प्रकार.

जळक्या प्लास्टिकचा वास, तापलेला वा काळवंडलेला स्विचबोर्ड, आंतून येणारी चुरचुर, आणि नळास, मोटारीस, टिनाच्या पत्र्यास किंवा कपडे वाळविण्याच्या तारेस लागणारा सौम्य धक्का. या खुणा दिसल्यावर दुसऱ्या वेळेची वाटच पाहूं नये. ‘थोडासा करंट आहे’ असें म्हणून लोक हंसण्यावारी नेतात. हात ओले व पाय अनवाणी असतां तोच करंट प्राण घेतो. कपडे वाळत घालतांना धक्का, हें कारण आम्हीं पंचनाम्याच्या कागदांत एकाहून अधिक वेळां वाचलें आहे. आणि तिला सोडवावयास धांवलेल्याचें नांवही कधीं कधीं त्याच कागदांत असे. अशा प्रसंगीं माणसास न शिवतां आधीं मेन बंद करावा. टेस्टर पेटला नाहीं म्हणजे वीज नाहीं, असेंही धरून चालूं नये.

वायरमन दोन दिवसांनीं यावयाचा असेल तर? दोष एकाच एमसीबीच्या शाखेंत आहे अशी खात्री पटल्यास तेवढीच बंद ठेवून उरलेलें घर चालवितां येतें. धक्का किंवा जळका वास असेल तर मात्र मेन बंद ठेवून दोन रात्री कंदिलावर काढाव्या.

आलेल्या माणसाजवळ परवाना आहे कीं नाहीं तें विचारण्यांत संकोच नसावा. आम्ही तर कागद पाहिल्याखेरीज शिडी लावूं देत नाहीं. त्याच फेरींत अर्थिंगही यंत्रानें मोजवून घ्यावें, कारण उन्हाळ्यांत मुरमाड जमीन सुकली कीं तें निकामी होऊं लागतें. आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचें बटण दर महिन्यास दाबून पाहावें, आणि दाबूनही खटका न पडल्यास, घरांतील सारे दिवे नीट जळत असले तरी, वायरमनास बोलावणें धाडावें.