अर्ज खरा, पत्ता चुकीचा
(लेखमाला : कायदा आणि शिवार, भाग ६)

२०२१च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने प्रशासनाकडे अर्ज केला. दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, असं त्याचं मागणं होतं. इतर कुठल्याच पिकाला खात्रीचा भाव नाही, गांजाला आहे, हे कारण त्याने दिलं. ठरावीक मुदतीत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजून लागवड करीन, असंही लिहिलं. अर्ज पोलिसांकडे गेला आणि पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं.

मला तो अर्ज खरा वाटतो. त्यावरचा पत्ता मात्र चुकीचा होता. यवतमाळ जिल्ह्यात उद्या एखाद्या ग्रामसभेने किंवा जिल्हा परिषदेने औषधी गांजाच्या बाजूने ठराव केला, तर त्याचं काय होईल, हे समजून घ्यायचं तर आधी योग्य पत्ता शोधायला हवा.

अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, म्हणजे एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५पासून लागू आहे. त्याचं कलम ८ गांजाची लागवड, विक्री, वापर, बाळगणं सगळं बंद करतं, पण ‘वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांखेरीज’. म्हणजे औषधाचा दरवाजा कायद्यानेच ठेवलेला आहे. त्याची किल्ली कलम १० प्रमाणे राज्य सरकारकडे आहे. गांजाची लागवड, उत्पादन, विक्री याला परवानगी देणारे नियम राज्याने करायचे. धागा आणि बियांसाठी, म्हणजे औद्योगिक लागवडीसाठी, कलम १४ खाली सरकार परवानगी देऊ शकतं. या साखळीत ग्रामपंचायत नाही, जिल्हा परिषद नाही. जिल्हाधिकारी स्वतःच्या अखत्यारीत सातबाऱ्यावर गांजा चढवू शकत नाहीत. आणि परवानगीशिवाय झाड लावलं, तर कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तुरीच्या ओळींत दडवलेली चार झाडंही यातून सुटत नाहीत.

यवतमाळमध्ये एक वेगळा मुद्दा आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या भागांतली कितीतरी गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे १९९६चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, लागू आहे आणि त्याने मादक पदार्थांच्या बाबतीत ग्रामसभेला खरा अधिकार दिला आहे. मात्र तो अधिकार बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा, विक्री-सेवनावर मर्यादा आणण्याचा आहे. केंद्राच्या कायद्याने बंद केलेली गोष्ट सुरू करण्याचा नाही. ‘आमची ग्रामसभा सर्वोच्च आहे’ हे पेसा गावांतलं वाक्य मला मनापासून आवडतं, पण गांजाच्या लागवडीपुरतं ते कोर्टात टिकणार नाही.

आणि या जिल्ह्यात ग्रामसभेसमोर नशेचा विषय आला की तो कोरा येत नाही. ‘स्वामिनी’ या दारूबंदी चळवळीच्या झेंड्याखाली इथल्या बायका जिल्हा दारूमुक्त करा म्हणत वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१मध्ये उठली, तेही त्यांनी पाहिलं. दारूपायी घर बसलेल्या बाईला ‘औषधी’ हा शब्द ऐकवून कुणी गांजाच्या ठरावावर अंगठा मागितला, तर तिने संशय घेणं अगदी योग्य आहे. तिला पटेल अशी मांडणी करता येत नसेल, तर तो ठराव करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग स्थानिक पाठिंब्याला अर्थच नाही का? हिमाचल प्रदेशाचं उदाहरण पाहा. तिथे २०२३मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, लोकांशी बोलली, दुसऱ्या राज्यांत जाऊन आली. ६ सप्टेंबर २०२४ रोजी विधानसभेने औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. पुढे पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपवण्यात आला. लोकांचं म्हणणं समितीमार्फत विधानसभेपर्यंत गेलं, म्हणून त्याला वजन आलं. गोव्यात उलट झालं. २०२०च्या डिसेंबरमध्ये औषधी लागवडीची फाइल विधी खात्यातून पुढे सरकल्याची बातमी फुटली, विरोधकांनी रान उठवलं आणि मुख्यमंत्र्यांनी हात झटकले. लोकांशी आधी बोलणं झालंच नव्हतं. त्याच महिन्यात, २ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळलं. २७ विरुद्ध २५ अशा त्या मतदानात भारत वगळण्याच्या बाजूने होता.

आता औषधाचं बोलू. गांजातल्या कॅनाबिडिऑल या द्रव्याचं शुद्ध औषध लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रावे या मुलांमधल्या अवघड अपस्मारांसाठी अमेरिकेत जून २०१८मध्ये मंजूर झालं. केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवरही गांजातल्या द्रव्यांची औषधं वापरली जातात. जुनाट दुखण्यावर त्यांचा उपयोग माफक दिसतो. कर्करोग बरा होतो, हा दावा खोटा आहे. आणि चिलीम हे औषध नव्हे; ज्या औषधांची ही नावं घेतली, त्यांत द्रव्याचं प्रमाण मोजलेलं असतं.

हे प्रमाण मोजायचं तर माल शुद्ध हवा, आणि हीच पिकाच्या स्वप्नातली खरी अडचण. गांजाचं झाड जमिनीतले जड धातू शोषून घेतं आणि औषधाच्या कच्च्या मालात कीटकनाशकाच्या अंशावर कडक मर्यादा असते. २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं इथे खुलेआम फिरतं. अशा वावरातला माल औषध कंपनी घेईल, असं शेतकऱ्याला सांगणं ही फसवणूक आहे. शिवाय परवाना मिळाला तरी तो सगळ्यांना मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरचे अफूवाले पाहा: पट्टा बहुधा दहा आर किंवा त्याहूनही कमी जमिनीचा, मोजणीला सरकारी माणूस, ठरलेला उतारा आला नाही तर पट्टा रद्द, माल सरकारलाच द्यायचा आणि भावही सरकारचाच. कापसाच्या भावाचं दुखणं याने जाणार नाही.

अफूवरून आणखी एक गोष्ट, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते हिच्याविषयी. अफूपासूनच मॉर्फिन होतं, शेवटच्या अवस्थेतल्या कर्करोगाच्या वेदनेवरचं आधाराचं औषध. ते कधीच बेकायदा नव्हतं. तरीही १९८५च्या कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत आणि तुरुंगाची भीती यांमुळे दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं; १९९७पर्यंत देशातला वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. २०१४मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. केरळने २००८मध्ये उपशामक सेवेचं धोरण केलं, आणि तिथे पंचायतींच्या पैशावर परिचारिका घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पाहतात. स्थानिक सरकारने औषधाला पाठिंबा देणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

म्हणून यवतमाळच्या जिल्हा परिषदेने ठराव करायचा तर तो राज्याच्या आरोग्य खात्याला उद्देशून करावा. त्यात तीन मागण्या असाव्यात. अपस्माराच्या मुलांसाठी कॅनाबिडिऑलचं प्रमाणित औषध सरकारी रुग्णालयात मिळावं. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर देखरेखीखाली अभ्यास व्हावा. आणि पुसद, वणी, पांढरकवड्याच्या सरकारी रुग्णालयांत मॉर्फिनच्या गोळ्या असाव्यात. यातल्या शेवटच्या मागणीला नवा कायदाही लागत नाही.

(पुढच्या आठवड्यात : भांगेला गांजाच्या व्याख्येतून का वगळलं?)