कॅसेटमधली पाटी

इंदापूरच्या वाड्यातील फडताळ आवरताना वहिनींच्या हाती एक कॅसेट लागली. तिच्यावर दादांच्या अक्षरात ‘दिवाळी १९८८’ एवढेच लिहिलेले. स्तवने असतील म्हणून त्यांनी ती लावून पाहिली, तर नुसता कर्कश किंचाळा. बारामतीत बसून फोनवर ऐकला, तरी मी तो आवाज ओळखला. तो दादांचा संगणक होता.

सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम हा १९८२ सालचा इंग्लंडमधील घरगुती संगणक. त्याची ‘प्लस’ आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने बाजारात आणली. घरचा टीव्ही हा त्याचा पडदा, टेपरेकॉर्डर ही त्याची तिजोरी. स्मृती अवघी ४८ किलोबाइट. देवनागरी अक्षरे त्यात नव्हतीच. मात्र ८ बाय ८ चौकटींत आपल्या मनाजोगती २१ चिन्हे रेखता येत. दादांनी रोजमेळाच्या कोऱ्या पानावर चौकटी आखून त्यांतून आमच्या कापडदुकानाची पाटी पडद्यावर उभी केली होती. काकांना मुलाच्या कौतुकापेक्षा पान वाया गेल्याचाच राग अधिक आला.

तो संगणक केव्हाच भंगारात गेला. दादाही आता नाहीत.

जुन्या यंत्राचे वागणे नव्या संगणकावर हुबेहूब वठवणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. मी ‘फ्यूज’ हा विनामूल्य एम्युलेटर घेतला. त्याला लागणाऱ्या मूळ रॉमचे हक्क १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतले होते आणि १९९९ मध्ये तिने एम्युलेटरसोबत तो देण्यास अनुमती दिली. व्यापाऱ्याच्या घरात हा खुलासा आधी केलेला बरा.

खरी कसोटी कॅसेटची होती. तिचा आवाज संगणकात ध्वनिमुद्रित करून एम्युलेटरला ऐकवायचा. चार वेळा पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ एवढेच उमटले. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसले, त्याचा बारीक स्क्रू किंचित फिरवून आवाज स्वच्छ होईतो कान लावून बसलो. पाचव्या वेळी कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागले आणि काही मिनिटांनी पाटी उमटली. त्या यंत्रात एका चौकटीत दोनच रंग मावत, त्यामुळे अक्षरांचा लाल रंग पिवळ्या किनारीवर सांडलेला. पुतण्या म्हणाला, “संपादनात नीट करतो.” मी हात लावू दिला नाही.

काकांच्या ८५ व्या वाढदिवसासाठी त्याची चित्रफीत केली. मूळ चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचे. ते बरोबर पाचपट मोठे केले, कारण अपूर्णांकात वाढवले की ठिपक्यांच्या कडा विरघळतात. मुद्रण सेकंदाला ५० चौकटींचे ठेवले. यंत्राची मूळ गती तीच, ३० वर घेतले की हलणारे चित्र अडखळते.

काकांनी ती दोनदा पाहिली. मग वहिनींना म्हणाले, “त्या वर्षीचा रोजमेळ माळ्यावर असेल. ते पान बघा बरं.”

वहिनी अजून शोधत आहेत.